पंक्चरवाल्याची लाज, इब्न अल-हैथमचा अभिमान

गेल्या पावसाळ्यात आमच्या तालुक्याच्या गावी एका संस्थेचा गुणगौरव समारंभ झाला. दहावी-बारावीत चांगले गुण मिळवलेली मुस्लिम मुलं-मुली, मागच्या खुर्च्यांवर त्यांचे आई-वडील, मंचावर शाली आणि ट्रॉफ्या. एका वक्त्यानं इब्न अल-हैथमचं नाव घेतलं. हजार वर्षांपूर्वी आपल्या माणसानं कॅमेऱ्याचा शोध लावला, असं त्यांनी ठासून सांगितलं. टाळ्या पडल्या. त्यानंतर पंधरा मिनिटांनी दुसरे वक्ते उठले आणि आवाज चढवून म्हणाले, "आता आपली मुलं पंक्चर काढत बसणार नाहीत, ती इंजिनीयर होतील!" या वाक्याला पहिल्यापेक्षा जास्त टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

टाळ्या वाजवताना माझ्या गळ्यात एक जुना फिल्म कॅमेरा लटकत होता. समारंभाचे फोटो मी त्यानंच काढत होतो. पन्नासएक वर्षांचा हा कॅमेरा महिन्याभरापूर्वी एका मिस्त्रीनं चालू करून दिला होता. हा मिस्त्री चौथीपर्यंत शिकलेला आहे आणि मंचावरच्या वक्त्याच्या हिशेबात तो 'पंक्चर काढणाऱ्यां'मध्येच मोडतो. घरी आल्यावर मला त्या दोन टाळ्या एकमेकींशी जुळवता येईनात. प्रकाशाचं यंत्र समजावून सांगणाऱ्या हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा आपल्याला अभिमान आहे आणि प्रकाशाचं यंत्र उघडून नीट करणाऱ्या आजच्या माणसाची लाज वाटते. हे दोन्ही एका वेळी कसं चालेल?

आधी त्या कॅमेऱ्याविषयी सांगतो. त्यात नेमकं काय काम झालं हे कळल्याशिवाय पुढचं बोलणं हवेत राहील.

कॅमेरा माझ्या मामूंचा. यशिका इलेक्ट्रो ३५, जीएसएन. या मालिकेतला पहिला कॅमेरा जपानमध्ये १९६६ साली आला, आमचं मॉडेल १९७३ नंतरचं. मामू कुवेतला नोकरीला होते. कोकणातल्या कितीतरी मुस्लिम घरांत त्या काळात आखातातून टेप-रेकॉर्डर आले, घड्याळं आली, तसा हा आला. मामूंच्या बहिणींची लग्नं, आजीचा हजला जातानाचा फोटो, सगळं यानं टिपलं. मग तो कपाटात गेला तो डांबराच्या गोळ्यांच्या संगतीतच राहिला. मामू गेल्यावर मामीनं तो माझ्या हातात ठेवला.

हा रेंजफाइंडर जातीचा कॅमेरा आहे. यात आपण भिंगातून पाहत नाही. वरच्या बाजूला दोन खिडक्या असतात, एकमेकींपासून काही अंतरावर. दोन्हींतून येणारी दृश्यं आतल्या आरशांनी एकत्र आणलेली असतात. मधल्या पिवळसर चौकोनात माणूस दुहेरी दिसतो. भिंगाची कडी फिरवत गेलं की दोन प्रतिमा एकमेकींवर सरकत येतात, आणि त्या एक झाल्या की अंतर बरोबर लागलं. दोन डोळ्यांनी आपल्याला अंतर कळतं, तोच हिशेब. अगदी साधा त्रिकोण आहे, पण तो केसभर हलला तर प्रत्येक फोटो धूसर येतो.

मी आधी एका झगमगीत दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलानं कॅमेरा हातातही घेतला नाही. "हे आता दुरुस्त होत नाही. शोपीस म्हणून ठेवा, छान दिसेल." ऑनलाइन विकणाऱ्या एकाला विचारलं तर तो म्हणाला, "शटर वाजतंय ना? मग चालू आहे." त्याचं म्हणणं अर्धवट खरं होतं. या कॅमेऱ्यात बॅटरी नसली तरी शटर वाजतं, पण फक्त एकाच वेगानं, सेकंदाच्या पाचशेव्या भागात. भर उन्हाखेरीज कुठेही फोटो काढा, तो काळाच येणार. म्हणजे आवाज येतो आणि यंत्र मेलेलं असतं. दुकानदार आणि विक्रेता या दोघांपैकी एकालाही हे माहीत नव्हतं.

शेवटी मुंबईत फोर्टच्या बाजूला, बोरा बाजारच्या कॅमेरा दुकानांच्या गर्दीत, एका जिन्याखाली टेबल टाकून बसणाऱ्या चाचांपर्यंत पोचलो. सत्तरीच्या घरातले, मूळ रत्नागिरीकडचे. त्यांनी कॅमेरा उघडला नाही. कानाशी नेला आणि फिल्म पुढे सरकवायची दांडी ओढली. पुन्हा ओढली. म्हणाले, "टक नाही येत."

"कसली टक, चाचा?"

"दांडी शेवटाला गेली की आत एक टक आवाज यायला पाहिजे. तो येत नाही म्हणजे आतलं रबर गेलं. याच्यात एवढंसं रबर असतं, त्याच्यावर एक दांडा येऊन बसतो. रबर विरघळलं की दांडा जागेवर येत नाही. मग शटरचा वेग बिघडतो. बाकी हा कॅमेरा मरत नाही हो, त्या रबरापायी मारतात लोक त्याला."

पुढं मी इंटरनेटवर पाहिलं. जगभर या कॅमेऱ्याच्या चाहत्यांत हे रबर बदनाम आहे, त्याला मृत्यूशी जोडलेलं टोपणनावसुद्धा आहे. लांब लांब लेख आहेत त्यावर. चाचांनी त्यातला एकही वाचलेला नाही. त्यांनी तो आवाज शेकडो वेळा ऐकलेला आहे, त्यामुळे तो नसला की त्यांना लगेच कळतं.

नंतरचे दोन दिवस मी बराच वेळ त्यांच्या टेबलाजवळ बसलो. वरचं झाकण निघालं. रबराच्या जागी काळपट चिकटा होता, तो खरवडून नवा तुकडा कापून बसवला. बॅटरीच्या खोबणीत हिरवट-पांढरी बुरशी चढली होती, म्हणजे जुन्या बॅटरीनं ओकलेलं रसायन. ते व्हिनेगरच्या बोळ्यानं पुसलं, आतून कुजलेली तार कापून नवी डाग लावून जोडली. हा कॅमेरा ५.६ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर चालायचा. पारा विषारी म्हणून नव्वदच्या दशकात अमेरिका-युरोपात त्या बॅटऱ्यांवर बंदी आली आणि त्या मिळेनाशा झाल्या. चाचांनी ६ व्होल्टची छोटी बॅटरी घेतली आणि रिकाम्या जागेत एक स्प्रिंग बसवून दिली. "०.४ व्होल्ट जास्त आहे, चालेल?" मी विचारलं. "याच्या सर्किटला तेवढ्यानं काही होत नाही. दुसरा कॅमेरा असता तर नसतं चाललं." कुठं चालतं आणि कुठं चालत नाही हे सांगता येणं, याला आपण दुसऱ्या कुणाच्या तोंडी 'तांत्रिक ज्ञान' म्हटलं असतं.

मागच्या दाराच्या कडेचा फोम सडून डांबरासारखा झाला होता. तो स्पिरिटनं काढून त्या खाचेत काळी लोकर भरली, नाहीतर प्रकाश आत शिरून फिल्म जळते. भिंगाच्या आतल्या काचेवर कोकणी दमटपणानं बुरशीचं जाळं विणलं होतं. ते पुसलं. पण रेंजफाइंडरच्या अर्धपारदर्शक आरशाला मात्र त्यांनी कापड लावलं नाही, नुसता फुगा दाबून हवा मारली. "हा पुसला तर चांदी निघून येते. मग दुसरी प्रतिमाच दिसत नाही. पुष्कळांनी पुसून कॅमेरे घालवले." शेवटी जिन्याबाहेर येऊन त्यांनी लांबच्या इमारतीवरच्या टाकीवर कॅमेरा रोखला, कडी अनंतावर नेली आणि आतला बारीकसा स्क्रू फिरवत दोन टाक्यांची एक टाकी केली. मग म्हणाले, "बघा."

मी पाहिलं. एकच टाकी होती.

त्यांनी १८०० रुपये सांगितले. मी १२०० दिले. घासाघीस केली, कारण समोर मिस्त्री होता. त्या झगमगीत दुकानात मी कधी भाव केलेला नाही. या लेखात मी इतरांना जे काही सुनावणार आहे, त्यात मी स्वतः आधी येतो, हे सांगून टाकतो.

आता इब्न अल-हैथमकडे वळू. दर काही महिन्यांनी व्हॉट्सॲपवर एक संदेश येतो, त्याचा मजकूर ठरलेला आहे. कॅमेऱ्याचा शोध मुस्लिमांनी लावला, 'कॅमेरा' हा शब्दच मुळी अरबी 'कमरा'वरून आला, वगैरे. यातलं बरंचसं चुकीचं आहे. छिद्रातून अंधाऱ्या जागेत उलटी प्रतिमा पडते, हे चीनमध्ये आणि ग्रीसमध्ये कित्येक शतकं आधी नोंदलेलं आहे. 'कॅमेरा' हा लॅटिन शब्द, अर्थ खोली. आणि हिंदी-उर्दूतला आपला 'कमरा' पोर्तुगीजांकडून आलेला आहे. खोट्या गोष्टीचा अभिमान बाळगला की खरी गोष्ट दिसत नाही, आणि इथं खरी गोष्ट जास्त मोठी आहे.

बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत वारलेल्या या माणसानं अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'किताब अल-मनाज़िर' लिहिली. डोळ्यातून किरण निघतात आणि वस्तूला जाऊन लागतात, हा जुना समज त्यानं नाकारला. ते करताना त्यानं नुसता वाद घातला नाही. अंधारी खोली घेतली, एका छिद्रासमोर अनेक दिवे मांडले, आत प्रत्येक दिव्याचा वेगळा ठिपका पडलेला पाहिला. मग एकेक दिवा झाकला. जो झाकला त्याचाच ठिपका गेला. म्हणजे एवढ्याशा छिद्रातून सगळा प्रकाश जातो, पण एकमेकांत मिसळत नाही. हा प्रयोग हातानं केलेला आहे. दिवे मांडणं, छिद्र पाडणं, पडदा लावणं, झाकून पाहणं, पुन्हा पाहणं. चाचा दांडी दोनदा ओढून टक ऐकतात, त्याच वृत्तीचा हा भाग आहे. शिवाय चरित्रकार सांगतात की कैरोत तो युक्लिड आणि टॉलेमीचे ग्रंथ हातानं नकलून पोट भरत असे. आज तो आपल्या एखाद्या मोहल्ल्यात राहत असता, तर झेरॉक्सच्या दुकानावर बसणारा म्हणून गुणगौरवाला त्याला निमंत्रण गेलं नसतं.

दुसरं उदाहरण आपल्या उपखंडातलं. मुघल काळात लाहोरला उस्ताद अल्लाहदाद यांचं घराणं होतं. ते पितळेची अस्तुरलाब बनवायचे, म्हणजे ताऱ्यांची उंची मोजून वेळ आणि दिशा काढायचं यंत्र. त्यांनी बनवलेली यंत्रं आज जगातल्या मोठ्या संग्रहालयांत आहेत. त्यावर कारागिराचं नाव कोरलेलं असतं, आणि नुसतं त्याचंच नाही, तर वडिलांचं, आजोबांचं, पणजोबांचं. चार पिढ्यांचं नाव एका पितळी तबकडीवर. त्यांना आपल्या हातकामाची लाज वाटत नव्हती. माझ्या कॅमेऱ्याच्या आत चाचांचं नाव कुठंही नाही.

आता त्या 'पंक्चरवाला' शब्दाकडे येऊ. हा शब्द आपल्यासाठी शिवी म्हणून वापरला जातो. समाजमाध्यमांवर रोज, राजकीय सभांतूनही. शिवी देणाऱ्याची लायकी मी इथं मोजत बसत नाही. माझं भांडण आपल्या उत्तराशी आहे. आपण लगेच यादी काढतो: आमच्यात डॉक्टर आहेत, आयएएस आहेत, शास्त्रज्ञ आहेत, अब्दुल कलाम आमचेच. या यादीचा अर्थ काय होतो? अर्थ असा होतो की पंक्चर काढणं खरोखरच हलकं आहे, फक्त आम्ही आता तेवढे हलके राहिलो नाही. शिवी देणाऱ्याची मोजपट्टी आपण हातात घेतली आणि तिनंच आपल्या माणसांना मोजलं. रस्त्यात पंक्चर झालेल्या साहेबाची गाडी चालती करणारा माणूस खाली बसतो आणि साहेब उभा राहतो, एवढ्यावरून कोण वरचा हे ठरवणारी ही मोजपट्टी आहे.

ही मोजपट्टी केवळ बाहेरून आलेली आहे असं म्हणायची सोय नाही. महाराष्ट्रातल्या मुस्लिमांची नावं वाचा. शिकलगार, पिंजारी, अत्तार, तांबोळी, बागवान, मण्यार. हे सगळे हातांचे धंदे आहेत. हत्याराला धार लावणारे, कापूस पिंजणारे, बांगड्या विकणारे. आपण आडनावांत धंदा जपला आणि धंद्याचा मान सोडून दिला. सोयरीक ठरवताना कोण सय्यद, कोण पिंजारी हे आजही विचारलं जातं, आणि मग मंचावरून इस्लाममधल्या समतेवर भाषण होतं. कुराणात हज़रत दाऊद यांच्या लोखंडाच्या कामाचा उल्लेख आहे, चिलखताच्या कड्या मोजून-मापून जोडण्याची ताकीद आहे. नबीच्या हातातल्या कामाची ही कहाणी आपण मुलांना सांगतो. त्याच मुलाला शेजारच्या मिस्त्रीकडे सुट्टीत बसवायची वेळ आली की मात्र, "लोक काय म्हणतील?"

यावर एक आक्षेप येणार, आणि तो गंभीर आहे. "तुमचं ठीक आहे. तुम्ही छंद म्हणून जुना कॅमेरा गळ्यात घालून फिरता. ज्याला शाळा मिळाली नाही म्हणून पंक्चर काढावं लागतं, त्याच्या मजबुरीचं तुम्ही कौतुक करताय." खरं आहे की हा धोका आहे. सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की मुस्लिमांचं प्रमाण स्वयंरोजगारात इतरांपेक्षा जास्त आणि नियमित पगाराच्या नोकऱ्यांत कमी आहे. हे आवडीनं झालेलं नाही. दारं बंद होती म्हणून माणसं जिन्याखाली बसली. मुलींनी आणि मुलांनी इंजिनीयर व्हावं, डॉक्टर व्हावं, त्यासाठी भांडावं, यात मला तिळमात्र शंका नाही.

पण मजबुरी आणि ज्ञान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाचा मजबुरीनं या कामाला लागले, म्हणून पन्नास वर्षांत त्यांनी जे मिळवलं ते ज्ञान नाही, असं होत नाही. मजबुरी संपवा, जरूर संपवा. तिच्यासोबत ज्ञानही फेकून देताना निदान आपण काय फेकतोय याकडे पाहा. आणि 'इंजिनीयर' हा शब्द टाळ्यांसाठी वापरण्याआधी एवढं विचारा, की बिघाड ऐकून ओळखणं, सर्किट किती व्होल्ट सोसेल हे जाणणं, केसाएवढा आरसा जुळवणं, याला इंजिनीयरिंग नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

सरकारचंही तेच आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. त्यात १८ व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, न्हावी, कुलपं बनवणारा, मासेमारीची जाळी विणणारा. या सगळ्यांना मान मिळालाच पाहिजे. पण घड्याळ, रेडिओ, शिलाई मशीन किंवा कॅमेरा दुरुस्त करणाऱ्याचा रकाना त्यात नाही. यंत्राचा कारागीर या देशात कारागीर ठरत नाही. २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागानं 'दुरुस्तीचा हक्क' म्हणून समिती नेमली, पोर्टल काढलं, शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं, वाहनं असे गट केले. चांगलं पाऊल आहे. पण हक्क ग्राहकाचा झाला. दुरुस्त करणारा हात कुठून येणार, तो कोणाकडून शिकणार, याची वाच्यता नाही. कंपनी बंद पडलेली, सुटे भाग मिळत नाहीत, कागदोपत्री माहिती नाही, अशा वेळी सगळं ज्ञान एका म्हाताऱ्या माणसाच्या कानात आणि बोटांत उरलेलं असतं.

मी चाचांना विचारलं होतं, "हे काम कुणी शिकलंय का तुमच्याकडून?"

"कुणी नाही. पोरगा आहे, तो पार्सल पोचवतो, मोटरसायकलवर."

"त्याला नाही शिकवलं?"

ते थोडा वेळ स्क्रू डबीत टाकत राहिले. "लहान असताना यायचा. बसायचा इथंच, हात चांगला होता त्याचा. मीच नको म्हटलं. म्हटलं, शीक, ऑफिसात बस. मिस्त्री म्हणून लग्नाला मुलगी कोण देणार? आता ऑफिसही नाही आणि हेही नाही."

त्या समारंभातली टाळी कुठपर्यंत पोचते, ते इथं दिसतं. ती वीस-पंचवीस वर्षांपूर्वी या जिन्याखाली पोचली होती. लाहोरच्या घराण्यात चार पिढ्या एका तबकडीवर आल्या आणि इथं दुसऱ्या पिढीवरच तार तुटली. कुणी बंदी घातली नव्हती. लाजेनं तुटली. मुलगा आजही हातांनीच पोट भरतो, फरक एवढाच की आता त्याच्या कामात शिकण्यासारखं काही उरलेलं नाही आणि उद्या ॲपनं त्याला काढलं तर त्याच्या हातात काही शिल्लक नसेल.

आता काही साध्या गोष्टी. पुढच्या वर्षीच्या गुणगौरवात गुणवंत विद्यार्थ्यांच्या शेजारी पाच मिस्त्री बसवा. त्यांना शाल नको, 'समाजबांधव' म्हणून दया तर नकोच. त्यांचं नाव, त्यांचं काम आणि ते कोणाकडून शिकले हे मंचावरून वाचून दाखवा. मोहल्ल्यातल्या ज्या मुलामुलींना मोबाइलवर व्हिडिओ काढता येतो त्यांना या माणसांच्या टेबलाशी बसवा, एकेक काम चित्रित करून घ्या, मराठीत, उर्दूत, जमेल तसं. सुट्टीच्या शिबिरांत वक्तृत्वाच्या जोडीला मुलांच्या हातात स्क्रूड्रायव्हर द्या. इंजिनीयर व्हायची इच्छा असलेल्या पोरीलाही द्या, तिला तर आधी द्या. आणि मिस्त्रीशी भाव करू नका.

संस्थेला मी तसं पत्र दिलं आहे. उत्तर आलेलं नाही. समारंभाचे फोटो मात्र धुऊन आले. ३६ पैकी ३१ चांगले आहेत. इब्न अल-हैथमवर बोलणारे वक्ते अगदी स्पष्ट आलेत, डोळ्यांवरच्या चष्म्याची कडासुद्धा दिसते.

ते फोटो घेऊन मी पुन्हा फोर्टला गेलो. चाचांना दाखवले आणि राहिलेले सहाशे रुपये टेबलावर ठेवले. त्यांनी आधी नको म्हटलं, मग ड्रॉवरमध्ये ठेवले. फोटोंकडे त्यांनी फारसं पाहिलं नाही. कॅमेरा मागून घेतला, कानाशी नेला आणि दांडी ओढली.